कुळथाची साक्ष

रक्त रक्ताला ओळखतं. नाती तुटतील, जमिनी वाटल्या जातील, पण संकटाच्या घडीला एका बीजाचं रक्त दुसऱ्याकडे आपोआप धाव घेतं, हे सनातन सत्य दाजींनी दवाखान्याच्या व्हरांड्यात जमलेल्या आम्हा समस्त तिरोडकरांना सांगितलं. दाजी म्हणजे माझ्या वडिलांचे लांबचे चुलतभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. श्रोते दिसले की ते उभे राहत. पाचच मिनिटांनी नर्सने त्यांच्या बोटाला सुई टोचली, आणि वर आलेला थेंब बघून दाजी हळूहळू बाकावर बसले. ओळख पटली नसावी.

आत खाटेवर अण्णा, माझे वडील, होते. आदल्या दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली होती. पोटातला जुना अल्सर वाहत होता. कोल्हापूरचे सर्जन आठवड्यातून एकदा घाट उतरून आमच्या तालुक्याला यायचे, ते उद्या सकाळी येणार होते. त्यांचा निरोप स्पष्ट होता: जुळणारं रक्त हाताशी असेल तरच पोट उघडीन. अण्णांनाच घाट चढवून कोल्हापूरला न्यावं म्हटलं, तर जामखेडकर बाई म्हणाल्या, "न्या की. फोंड्याच्या घाटापर्यंत पोचतील. पुढचं मला विचारू नका."

जामखेडकर बाई म्हणजे दवाखान्यातल्या रक्ततपासणीच्या डॉक्टर. नगरकडच्या. एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, एक कुरकुरणारा फ्रिज आणि खणखणीत आवाज, एवढ्यावर त्या तालुक्याचं रक्त सांभाळत. मी तेव्हा तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. त्यामुळे मला डॉक्टरांचं बोलणं कळतं, असा माझ्या आईचा समज होता, आणि कॉलेजातल्या लोकांना काहीच कळत नाही, असा बाईंचा. मी सोयीप्रमाणे दोन्ही समज टिकवून धरले होते.

"इकडे ये," बाईंनी मला आत बोलावलं. "तुझ्या वडिलांचं रक्त मला त्रास देतंय."

"कोणता गट?"

"तोच तर त्रास आहे. पेशी म्हणतात आम्ही ए. पण पेशी तळाला बसल्या की वर जो पिवळा रस राहतो ना, तो ए गटाच्याच पेशींशी भांडतो."

"आपल्याच गटाशी?"

"आपल्याच. आणि तेही मन मानेल तेव्हा. चारदा पाहिलं. दोनदा भांडला, दोनदा गप्प बसला. मी इतकी वर्षं इथे आहे, मला नवल वाटलं नाही. कोकणातलं रक्त आहे."

मी हसलो नाही. आमचं घर हे तालुक्यात याच गुणासाठी प्रसिद्ध होतं. अण्णा आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ बाबलकाका यांच्यात अकरा वर्षं दावा चालू होता. दोन घरांच्या मधला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्याने आपल्या हद्दीत हातभर सरकवला, असं दोघांचंही म्हणणं होतं. तेव्हापासून दोघे एकमेकांशी अक्षर बोललेले नव्हते.

बाईंनी मला थोडक्यात समजावलं. ए गटातही दोन पोटगट असतात, एक आणि दोन. बहुतेक ए माणसं पहिल्यातली. अण्णा बहुधा दुसऱ्यातले, आणि त्यांचा रस पहिल्यातल्या पेशींवर उठतो. म्हणजे त्यांना ए-दोनचा माणूस शोधायला हवा. ओ गटाची बाटली चालली असती, पण होती ती सकाळीच एका बाळंतिणीला चढवली होती, आणि ओ गटाचे नेहमीचे देणारे दशावतारी मंडळाबरोबर गोव्याला गेले होते.

"मग अण्णांचा रस घेऊन प्रत्येकाच्या रक्ताशी जुळवून बघा ना," मी म्हणालो.

"रस उरलाय चार थेंब. आणखी रक्त काढायला त्यांच्या अंगात शिल्लक आहे काय? ते चार थेंब शेवटच्या जुळणीला ठेवलेत. आधी माणूस सापडायला हवा. एक आणि दोन वेगळे दाखवणारं औषध मिळतं, मुंबईहून मागवावं लागतं, यायला आठवडा लागेल." त्या थांबल्या. "ते औषध कशाचं करतात ठाऊक आहे? हुलग्याचं."

"हुलग्याचं?"

"तुमचे कुळीथ."

मला वाटलं, बाई माझी थट्टा करताहेत. त्या थट्टा करत नव्हत्या. व्हरांड्यात येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, कच्चे कुळीथ हवेत, आणि दाजी उठून उभे राहिले.

"डॉक्टर, विज्ञानाबद्दल आदर राखून विचारतो. तिरोडकरांचं रक्त कडधान्याला कसं कळणार?"

"कळत नाही. त्याला रक्तातलं ओ की ठो कळत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला साखर कळते."

"आमच्या घराण्यात मधुमेह नाही," दाजी ताडकन म्हणाले.

"चहातली साखर नव्हे हो. तुमच्या प्रत्येक रक्तपेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात, केसांसारख्या. ए गटाच्या साखळीच्या टोकाला एक ठरावीक साखर. कुळथात एक प्रथिन असतं, त्याला एक खोबण असते." बाईंनी डाव्या हाताची मूठ अर्धवट उघडून दाखवली आणि तिच्यात उजव्या हाताचं बोट घातलं. "ते टोक या खोबणीत असं नेमकं बसतं. दुसरी साखर आली तर बसत नाही. एखादा कोपरा इकडचा तिकडे असला तरी नाही. आणि त्या प्रथिनाला अशा खोबणी एकीपेक्षा जास्त. एका हाताने ही पेशी धरली, दुसऱ्या हाताने ती. मग पेशींना पेशी चिकटतात आणि थेंब नासलेल्या दुधासारखा दिसतो. ए-एकच्या अंगावर अशी टोकं दाट. ए-दोनच्या अंगावर विरळ, ती नीट हाताला लागत नाहीत. थेंब मोकळा राहतो."

"पण कुळथाक आमच्या रगताचा काय पडला?" माझी आई दारातून म्हणाली.

"काही पडलेलं नाही, वहिनी. त्याला ती खोबण कशासाठी असते, हे अजून कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. मातीतल्या जंतूंसाठी म्हणतात, किडीसाठी म्हणतात. तुमच्या यजमानांसाठी नक्कीच नाही. पण बसते खरी."

आईला एवढं पुरे होतं. ती अण्णांच्या उशाशी गेली आणि पितळी डबा घेऊन आली. अण्णांना बरं वाटलं की पेज-पिठी करून घालावी म्हणून तिने घरून कुळथाची पिठी आणली होती. "ही घेवा. औंदाचीच आसा."

"पीठच आहे का? बरं झालं, दळायचं वाचलं," बाई म्हणाल्या आणि डबा आत घेऊन गेल्या.

पुढचा काही वेळ तिरोडकर घराण्याच्या इतिहासात अभिमानाने नोंदवण्यासारखा होता. बाईंनी पिठी सलाइनमध्ये कालवली, निवळू दिली, गाळली. जमलेल्यांत ए गटाचे निघाले दाजी, माझा आतेभाऊ सुधाकर आणि वरच्या घरातले दोघे चुलतभाऊ. मी आईवर गेलेलो, बी गटाचा, त्यामुळे एकुलता एक मुलगा असून पहिल्याच फेरीत बाद. बाईंनी काचेच्या पट्ट्यांवर एकेकाचा थेंब घेतला, त्यात कुळथाचं पाणी मिसळलं आणि पट्ट्या हलवत बसल्या.

दाजींचा थेंब मोकळा राहिला. सुधाकरचा मोकळा. दोन्ही चुलतांचे मोकळे.

"म्हणजे सगळेच चालतील?" सुधाकरने विचारलं.

दाजी उठून उभे राहिले. "मी सकाळी काय म्हटलं होतं? एक रक्त! एकच रक्त!" त्यांनी डोळे पुसले आणि लगेच बाही वर सारली. माणूस बोलघेवडा होता, पण देणार होता. त्यांचं रक्त त्या दुपारी अण्णांना दिलं गेलं असतं, तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही जेवणानंतर करत नाही.

बाई मात्र उठल्या नव्हत्या. त्यांनी आणखी एक पट्टी घेतली, स्वतःच्या बोटाला सुई टोचली, आपला थेंब ठेवला, कुळथाचं पाणी घातलं आणि हलवलं. बराच वेळ हलवलं.

"माझा गट ए-एक आहे," त्या म्हणाल्या. "मुंबईत शिकत असताना तीनदा तपासलेला. हा थेंब फाटायला हवा होता."

आम्ही वाकून पाहिलं. थेंब फाटला नव्हता.

"तेव्हा एकतर मीही तिरोडकर झाले," बाई म्हणाल्या, "नाहीतर या पिठात काहीतरी घोटाळा आहे. वहिनी, हे पीठ कसं केलंत?"

"कसा म्हणजे? कुळीथ भाजले, भरडले, दळले."

"भाजले?"

"भाजल्याबिगर पिठी कोण करता?" आईचा आवाज चढला. नवरा आत खाटेवर आणि इथे तिच्या स्वयंपाकाची चौकशी. "माका काय रांदूक येणा नाय?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "आमच्याकडे शेंगोळ्याला कच्चेच दळतात हो. माझ्या डोक्यातच आलं नाही. आच लागली की त्या प्रथिनाची घडी मोडते. खोबणच राहत नाही. म्हणून तर तुम्ही रोज पिठी ओरपता आणि तुम्हाला काही होत नाही."

दाजींनी बाही खाली घेतली. एकच रक्त पुन्हा चौघांत वाटलं गेलं.

आता कच्चे कुळीथ हवे होते, आणि दिवस ऑक्टोबरचे. आमच्याकडे कुळीथ भातकापणीनंतर पेरतात. मागचं पीक प्रत्येक घराने भाजून, दळून डब्यांत भरलेलं. वाण्याकडे मी सुधाकरची लुना घेऊन जाऊन आलो. त्याच्याकडे पिठी होती. दुसऱ्याकडे पिठी होती. तिसऱ्याने मला पिठी कशी करावी तेही सांगितलं.

परत येऊन मी आईला विचारलं, "कच्चे कोणाकडे गावतले?"

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "तिच्याकडे आसतले."

"कोणाकडे?"

"तिच्याकडे म्हटलंय मां!"

अकरा वर्षांत आईने जावेचं नाव घेतलेलं नव्हतं. वाडीत पेरायचं बी राखेत घालून मडक्यात जपून ठेवणारी एवढी एकच बाई उरली होती, बाकी सगळे पेरणी आली की बाजारातून आणत. ती गडग्यापलीकडे राहत होती.

मी लुना काकांच्या अंगणात उभी केली तेव्हा काकी तुळशीपाशी होती आणि बाबलकाका पडवीत पाठ करून सुंभ वळत बसले होते. पाठ अगोदरपासून होती की लुनाचा आवाज ऐकून केली, ते सांगता येणार नाही.

"काकी, बियाचे कुळीथ आसत काय? वाटीभर होये होते."

काकीने आधी हळू आवाजात विचारलं, "भावोजी कशे आसत?"

"उद्या ऑपरेशन. रगत जुळणा नाय. कुळीथ घालून रगत तपासतत."

"कुळीथ घालून?"

पडवीतून आवाज आला. तो माझ्याशी नव्हता, सुंभाशी होता. "विचार तेका, डाक्टर रगत तपासतत की पिठी करतत?"

मी सुंभाला खोबणीची गोष्ट सांगितली. साखर, साखळ्या, टोक, मूठ, बोट. कॉलेजात इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलं नव्हतं. सुंभ वळायचा थांबला.

"कोणाकोणाचा तपासलास?"

"दाजींचा. सुधाकरचा. वरच्या घरातले दोघे."

"आणि?"

"आणि कोण नाय."

काका वळले. अकरा वर्षांत मी त्यांचा चेहरा समोरून एवढ्या जवळून पाहिला नव्हता. अण्णांचाच होता, फक्त संतापलेला.

"कोर्टाच्या कागदार माझा नाव सख्खो भाव म्हणान लिवलेला आसा. अकरा वर्सां वाचतंय. आणि रगत देवक दाजी? दाजी कोण? माझ्या आज्याच्या चुलतभावाचो नातू! तेका कोणी बोलयल्यान?"

"तो आपणच इलो."

"मगे? माका कोणी सांगला नाय, तर माका कसा कळतला?"

"काका, तुमी येशात?"

"माका बोलावणा नाय," काका म्हणाले. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. "बी हिचा. वाटीभर म्हणान नेशात आणि मडक्याभर वापरशात. मी कुळीथ पोचवूक येतंय."

काकी आत गेली आणि वाटीऐवजी मडकंच घेऊन आली. पुढच्या महिन्यात पेरायचं सगळं बी त्यात होतं. "होये तितके घेवा," ती म्हणाली. "उरले तर बघू." मला आजवर आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ गोष्टी दिल्या, बऱ्याचशा परत मागितल्या. ते मडकं देताना काकीने त्याच्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही.

लुनावर मी पुढे, मागे बाबलकाका, त्यांच्या मांडीवर मडकं. वाटेत ते एकदाच बोलले. "खड्डे चुकव. मडक्या फुटात."

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही शिरलो तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंनी मडकं घेतलं आणि काकांकडे बघत विचारलं, "हे कोण?"

दाजींना योग्य शब्द सापडायला थोडा वेळ लागला. "हे… प्रतिवादी."

"असं. प्रतिवादींचा रक्तगट कोणता?"

"माका काय ठावक?" काका म्हणाले. "मी कुळीथ घेवन इलंय."

"हात पुढे करा."

काकांनी हात पुढे केला.

या वेळी बाईंनी काही गृहीत धरलं नाही. कुळथाची राख धुतली, दाणे खलबत्त्यात कुटले. खरं तर मी कुटले, आणि माझ्या एम.एस्सी.चा आमच्या कुटुंबाला झालेला तो पहिला उपयोग. सलाइनमध्ये भिजवून, हलवून, गाळून निघालेलं पाणी फिकट, गढूळ, वासाला हिरवट. बाईंनी आधी आपलाच थेंब घेतला. पाणी पडताच तो असा फाटला, की आई "अगो बाय" म्हणाली. लाल रवा झाला.

पण मग अण्णांच्या पेशींचा थेंबही फाटला.

"आता काय?" मी विचारलं.

"आता काही नाही. काढा दाट झालाय. दाट असला की विरळ टोकंसुद्धा धरतो. पातळ करू." बाईंनी सलाइन घातलं. पुन्हा दोन थेंब. पुन्हा सलाइन. व्हरांड्यातले सगळे दारात येऊन उभे होते. काही फेऱ्यांनी असं पाणी तयार झालं, की बाईंचा थेंब फाटत होता आणि अण्णांचा सरळ, मोकळा, गुळगुळीत राहत होता.

"झालं. तुझे वडील ए-दोन," बाई म्हणाल्या. "आता बाकीचे या."

दाजींचा थेंब फाटला. सुधाकरचा फाटला. वरच्या घरातल्या दोघांचे फाटले. दाजींनी आपल्या पट्टीकडे बराच वेळ बघितलं, आणि मग जे केलं त्याबद्दल मी त्यांच्या सगळ्या भाषणांना माफी दिली. ते बाजूला झाले आणि त्यांनी बाबलकाकांना पुढे जागा करून दिली.

काकांचा गट ए आहे, हे बाईंनी आधीच तपासून घेतलं होतं. आता त्यांच्या थेंबात कुळथाचं पाणी पडलं. बाई पट्टी हलवत राहिल्या. डावीकडे, उजवीकडे. लाल थेंब पट्टीवर तेलासारखा फिरत राहिला. फाटला नाही. बाईंनी आपला थेंब पुन्हा शेजारी घेतला, तो फाटला. काकांचा नाही.

मग त्यांनी फ्रिजमधून अण्णांच्या रसाचे ते चार थेंब काढले आणि काकांच्या पेशींवर घातले. थंडीत बघितलं. हातात धरून ऊब देऊन बघितलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं.

"भांडत नाहीत," त्या म्हणाल्या.

त्या खोलीत या वाक्याचा अर्थ बाईंना कळला तेवढाच नव्हता.

रक्त काढायला मोकळी खाट एकच होती, अण्णांच्या खोलीतली. काका त्यावर आडवे झाले. दोन खाटांमध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा, आणि तिथे मी उभा. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी डोळे उघडले, शेजारच्या खाटेकडे पाहिलं, मग छताकडे.

"दिगू," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तेका इचार, जेवलो काय?"

मी डावीकडे वळलो. "काका, जेवलात काय?"

"सांग, जेवलंय."

मी उजवीकडे वळलो. "जेवले."

"इचार, भात कसो आसा?"

"सांग, बरो आसा. खालच्या कोपऱ्यात पडलो जरा."

"सांग तेका, पडलेलो आधी काप म्हणान."

"सांग, माका शिकवू नको म्हणान."

जामखेडकर बाई सुई लावत होत्या. "तुमच्यातल्या कोणीही हात लांब केला तर दुसऱ्याला लागेल," त्या म्हणाल्या. "पोराला कशाला दमवता?"

कोणीही हात लांब केला नाही. बाटलीत रक्त उतरू लागलं. खिडकीबाहेर आईचा कोणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "दिगू. तेका सांग… उपकार झाले."

मी वळलो. सांगायची गरज नव्हती, काकांनी ऐकलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"सांग तेका," ते भिंतीला म्हणाले, "उपकाराचा नाव काढलान तर सुई काढून जातंय."

"हात हलवू नका," बाई ओरडल्या.

बाटली भरली. बाईंनी सुई काढली, बोळा दाबून धरायला सांगितला. काका उठून बसले आणि बाटलीकडे बघत राहिले, जशी बाजारात वजन कमी भरल्याची शंका आल्यावर माणसं बघतात.

"एका बाटलेन भागात?" त्यांनी विचारलं.

"भागायला हवं."

"आजून एक काढा."

"एका माणसाची एका वेळी एकच काढतात."

"मोठो मनीस आसा तो," काका म्हणाले. अण्णांकडे न बघता, हाताने त्यांची लांबी दाखवून. "एकान काय व्हतला?"

"नाही भागलं तर बघू."

"मगे मी भायर बसतंय," काका म्हणाले.

आणि ते बाहेर बसले. बाईंनी घरी जायला सांगितलं, तरी बसले. दाजींनी त्यांना आपल्या बाकावर जागा दिली आणि रक्त या विषयावर काहीही बोलले नाहीत. संध्याकाळी आईने दवाखान्याच्या स्वयंपाकखोलीत पेज केली. दोन वाट्या भरल्या, एक माझ्या हातात दिली आणि दुसरी बाकावर काकांच्या शेजारी ठेवली, अगदी काठावर, जणू ती वाटी तिथे कोणीतरी विसरून गेलं होतं. काकांनी ती संपवली. सकाळी सर्जन आले तेव्हा काका त्याच बाकावर, सदऱ्याची बाही वर सारून, तयार बसले होते.

कृतज्ञता ही वस्तू आमच्या घरात वापरात नव्हती. त्यामुळे त्या दिवशी एकदम इतकी अंगावर आली, की ती कुठे ठेवायची ते मला कळेना. आपलाच थेंब शेवटी तपासून बघणाऱ्या बाई होत्या. मडक्याकडे वळून न बघणारी काकी होती. जागा करून देणारे दाजी होते. न बोलावता आलेले आणि बोलावलं नाही म्हणून संतापलेले काका होते. आणि ज्याला आमच्यापैकी कोणाशीच देणंघेणं नव्हतं, असं एक कडधान्य होतं. ते माणूस बघत नव्हतं, घराणं बघत नव्हतं, साखरेचं एक टोक हाताला लागतंय का एवढंच चाचपत होतं. मी त्या सगळ्यांचे आभार मानले, बहुतेकांचे मनातल्या मनात. कुळथाचे मोठ्याने मानले, कारण त्याने सुई काढून जाण्याची धमकी दिली नसती.

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. सर्जन हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, सगळं ठीक झालंय, माणूस चिवट आहे.

काका उभे राहिले. "रगत पुरला?"

सर्जननी जामखेडकर बाईंकडे बघितलं. बाईंनी फ्रिजकडे बघितलं.

अण्णांना रक्त द्यावं लागलंच नाही. बाटली तशीच राहिली, आणि मुदत संपल्यावर बाईंनी ती टाकून दिली.